गहुलीचे नाईक आणि कपाशीवरचे विष

दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्रात कृषिदिन साजरा होतो. जिल्हा परिषदांच्या सभागृहांत वसंतराव नाईकांच्या प्रतिमेला हार घातला जातो, प्रगतशील शेतकऱ्यांचे सत्कार होतात, हरितक्रांतीचे प्रणेते म्हणून त्यांचा गौरव केला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल होत होते. कुणाची दृष्टी गेली होती, कुणी बडबडत होता, कुणाला खाटेला बांधून ठेवावे लागत होते. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २०हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो आजारी पडली.

ज्याने शेतकऱ्याच्या हाती नवे बियाणे दिले त्याच्याच जिल्ह्यात, त्याच्याच नावाच्या रुग्णालयात हे घडावे, याला केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वसंतरावांचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. नव्या शेतीबरोबर जे विष शेतात आले त्याची राखण कुणी करायची, हा प्रश्न मनात ठेवून ते पुन्हा एकदा वाचले, तर आजच्या वाचकाच्या हाती बरेच काही लागेल.

तांड्यावरचे बालपण

पुसद तालुक्यातील गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. घराणे बंजारा समाजातले, मूळ आडनाव राठोड. आजोबा चतुरसिंग यांनी गहुलीचा तांडा वसवला आणि शेती सुरू केली. तांड्याचा प्रमुख तो नाईक, म्हणून पुढे नाईक हेच घराण्याचे नाव झाले. वडील फुलसिंग, आई होनूबाई.

बंजारा समाजाची कहाणी लक्षात घेतल्याशिवाय या घराण्याच्या स्थिर होण्याचे मोल कळत नाही. शेकडो वर्षे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हा समाज देशभर फिरला. त्यांच्या लदेणीवर राजांची सैन्ये पोसली जात. रेल्वे आली आणि हा व्यापार बुडाला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि अनेक ठिकाणी बंजारेही त्यातून सुटले नाहीत. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. सरकार म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे संकट, असा अनुभव ज्या समाजाच्या पिढ्यांनी घेतला, त्या समाजातला मुलगा पुढे राज्याचा मुख्यमंत्री होऊन अकरा वर्षे टिकला, ही साधी गोष्ट नाही. सरकारने तांड्यापर्यंत पोहोचायचे ते मदतीसाठी, हा आग्रह त्यांच्या कारभारात पुढे वारंवार दिसला. त्याचे मूळ इथे असावे.

शिक्षणासाठी या मुलाला गावोगाव फिरावे लागले. विठोली, उमरी, अमरावती असे टप्पे घेत तो नागपूरला पोहोचला. मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए. आणि १९४० मध्ये एल्‌एल्‌. बी. झाल्यावर वसंतरावांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीला प्रारंभ केला. पंजाबरावांचा सहवास म्हणजे शेतकऱ्यांच्या प्रश्नांची शाळाच. १९४१ मध्ये नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांचा विवाह झाला. बंजारा तरुण आणि ब्राह्मण कन्या यांचे लग्न ही त्या काळात मोठीच खळबळ होती. दोघांनी ती शांतपणे सोसली. विरोधकाशी वाद न घालता आपले करीत राहायचे, हा वसंतरावांचा स्वभाव तिथपासून दिसतो.

पुसद ते मुंबई

पुसदला वकिली करीत असताना ते तिथल्या कृषी मंडळाचे अध्यक्ष झाले, १९४६ मध्ये नगराध्यक्ष झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा वसंतराव मुंबईला गेले. सहकार, मग कृषी आणि १९६० नंतर महसूल, अशी खाती त्यांनी सांभाळली. ही सगळीच खाती जमिनीशी जोडलेली.

या काळातले त्यांचे एक काम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला आणि शेती, आरोग्य, शिक्षण ही खाती एका छपराखाली आणली. आज एखाद्या गावात पंचायत समितीचा कृषी अधिकारी कृषी केंद्राची तपासणी करायला जातो आणि त्याच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विषबाधेचा रुग्ण येतो, तेव्हा ही दोन्ही टोके ज्या घरात एकत्र यायला हवीत ते घर वसंतरावांच्या समितीने आखलेले आहे.

दादासाहेब कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. राजकारणातल्या जाणकारांना वाटले होते, हा मृदू बोलणारा, पाईप ओढणारा गृहस्थ फार दिवस टिकणार नाही. ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. इतका दीर्घ सलग कार्यकाळ राज्यात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही.

भुकेचे दिवस आणि हायब्रीड

पुढे जे विष आले त्याचा विचार करताना ते दिवस कसे होते, हे विसरून चालणार नाही. १९६५ चे युद्ध, त्याच्या मागेपुढे आलेली अवर्षणे, रेशनच्या रांगा आणि अमेरिकेहून जहाजाने येणारा गहू. लाल मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांच्या जिभेवर ती चव अजून असेल. त्याच वर्षी पुण्याच्या शनिवारवाड्यासमोरच्या सभेत वसंतरावांनी दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर हमी दिली आणि तसे झाले नाही तर स्वतः फासावर चढण्याची तयारी दाखवली. एरवी मोजून बोलणाऱ्या माणसाची ही भाषा ऐकून लोक चकित झाले.

या हमीमागे हिशेब होता. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा सी. एस. एच. १ हा वाण आला होता, पाठोपाठ संकरित बाजरी आली. गावरान ज्वारीपेक्षा उतारा कितीतरी जास्त. वसंतरावांनी सगळी सरकारी यंत्रणा या बियाण्यामागे उभी केली. मुंबईतल्या आपल्या बंगल्याचे नाव त्यांनी वर्षा ठेवले. पावसावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला दुसरे कोणते नाव सुचणार? राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये झाले. विदर्भात आंदोलन झाल्यावर १९६९ मध्ये अकोल्याचे झाले. १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीची झाली. हायब्रीड हा शब्द मराठीत रुजला तो याच काळात. पुढे तो टोमण्यासाठीही वापरला जाऊ लागला, यावरून तो किती घरांत पोहोचला होता याची कल्पना यावी.

कपाशीच्या बाबतीत असेच झाले. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण तयार केला. व्यापारी प्रमाणावर लावला गेलेला कापसाचा तो जगातला पहिला संकरित वाण. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत तो लवकरच दिसू लागला. १९७१ चा कायदा करून वसंतरावांच्या सरकारने दुसऱ्याच वर्षी कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या हातून सोडवण्याचा तो प्रयत्न होता. योजनेचे पुढे काय झाले तो वेगळा विषय आहे, पण तिच्या मागची तळमळ खरी होती.

औषध नावाचे विष

नव्या बियाण्याला खत लागे, पाणी लागे आणि तिसरी गोष्ट लागे ती फवारणी. गावरान कपाशी मावा-तुडतुड्यांना पुष्कळ दाद देत नसे. संकरित कपाशी हिरवीगार, रसरशीत, जास्त दिवस शेतात उभी राहणारी. किडींना ती मेजवानीच. संकरित ज्वारीवर खोडमाशी तुटून पडे. मग गॅमेक्सिनची पावडर आली, डीडीटी आले, एन्ड्रिन आले, फॉलिडॉल आले. शेतकऱ्याने या सगळ्याला एकच नाव दिले, औषध. आजही आपल्याकडे विष फवारले असे कुणी म्हणत नाही, औषध मारले असे म्हणतात. पिकाचा रोग बरा करते ते औषध, असा सरळ अर्थ. शब्दाने घात केला तो असा. औषधाला कुणी भीत नाही. ते हाताने कालवले जाते, त्याच बादलीतून पाणी प्यायले जाते, रिकामा डबा धुऊन घरात तेलासाठी ठेवला जातो.

यांतली पुष्कळशी द्रव्ये नसांवर काम करतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषे शरीरातल्या कोलिनेस्टरेज या द्रव्याला निकामी करतात. नसांकडून स्नायूंना निघालेला संदेश थांबवण्याचे काम हे द्रव्य करते. ते बंद पडले की संदेश थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, बुबुळे आकसतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास कोंडतो. हे सारे किड्याला होते तसेच माणसाला होते. त्वचेतून आणि श्वासातूनही होते, त्यासाठी विष प्यावे लागत नाही.

देशाला याचा पहिला मोठा चटका १९५८ मध्ये केरळात बसला. जहाजातून आणि गोदामातून अन्नधान्याच्या शेजारी पॅराथिऑन ठेवले गेले, ते पिठात मिसळले आणि शंभरावर माणसे मेली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली. त्यानंतर समित्या झाल्या, मसुदे झाले आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये संसदेने कीटकनाशक कायदा केला. तो प्रत्यक्ष अमलात यायला १९७१ उजाडले.

या कायद्याची बांधणी नीट समजून घ्यायला हवी. कोणते द्रव्य देशात बनवायचे, विकायचे, कोणत्या पिकावर किती वापरायचे, हे दिल्लीतली नोंदणी समिती ठरवते. दुकानाला परवाना देणे, निरीक्षक नेमणे, नमुने तपासणे, खटले भरणे ही कामे राज्याची. विषबाधेच्या घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार कलम २६ ने राज्याला दिला. एखादे द्रव्य धोक्याचे वाटले तर चौकशी होईपर्यंत ६० दिवस त्याची विक्री रोखण्याची मुभा कलम २७ ने केंद्राबरोबरच राज्यालाही दिली. कायमची बंदी मात्र केंद्राच्याच हाती. म्हणजे चावी दिल्लीत आणि राखण जिल्ह्यात. एकमेकांना वेळेवर कळवले तरच असा संसार चालतो.

नियमही काही कमी चांगले नव्हते. डब्यावर लाल, पिवळे, निळे, हिरवे चिन्ह हवे, माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत हवे, संरक्षक कपडे हवेत, या द्रव्यांशी रोज संबंध येणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी हवी, सेंद्रिय फॉस्फरसशी काम करणाऱ्याच्या रक्तातले कोलिनेस्टरेज ठरावीक मुदतीने मोजायला हवे. हे सगळे १९७१ पासून कागदावर आहे.

कायदा महाराष्ट्रात आला तेव्हा वसंतरावांच्या राज्यावर मोठ्या दुष्काळाची छाया पडली होती. १९७२ मध्ये विहिरी आटल्या, जनावरे छावण्यांत गेली, लाखो माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली. रोजगार हमीची कल्पना त्याच धगीतून उभी राहिली आणि देशाला पुढे तिचा उपयोग झाला. हातात काम आणि पोटात सुकडी पडणे ही ज्या वर्षांची पहिली गरज होती, त्या वर्षांत फवारणाऱ्याच्या नाकावरच्या कापडाचा विचार मागे पडला असेल, तर त्यासाठी एका माणसाला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पण बियाणे पोहोचवणारी यंत्रणा जेवढ्या ताकदीने उभी राहिली तेवढ्या ताकदीने विषावर नजर ठेवणारी यंत्रणा त्या काळात उभी राहिली नाही, आणि नंतरच्या कोणत्याही सरकारने ती उणीव मनावर घेतली नाही, हेही तितकेच खरे.

शेवटची वर्षे आणि नंतर

१९७५ मध्ये पायउतार झाल्यावर वसंतराव १९७७ मध्ये वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला असताना त्यांचे निधन झाले. ज्या शेतीचे स्वप्न त्यांनी पाहिले होते तिची घडी तोवर बसली होती आणि तिचे दुखणेही दिसू लागले होते. वऱ्हाडातल्या घराघरांत एन्ड्रिन हा शब्द आत्महत्येच्या बातमीशी जोडला गेला होता. पाच वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला जो वायू फुटला तोही कीटकनाशकाच्याच कारखान्यातला.

एन्ड्रिन १९९० मध्ये बंद झाले, पण त्याची जागा दुसऱ्यांनी घेतली. २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि बोंडअळीसाठीची फवारणी काही वर्षे कमी झाली. मग गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशी डोक्याइतकी वाढली होती. अंगावर पडणाऱ्या तुषारांत, दमट हवेत, जोरात फेकणाऱ्या नव्या पंपांनी, दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारणी चालली होती. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारा मारणारे मजूर होते, मक्त्याने शेती करणारे होते. रक्तातले कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय तेव्हा जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयातही नव्हती. कोणते द्रव्य पोटात गेले ते डॉक्टरांना सांगायला रुग्ण शुद्धीवर नसे आणि नातेवाइकांना नाव ठाऊक नसे. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. राज्याने कलम २७ वापरून यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवस थांबवली. पण तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता. मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये मिळाले. २०१८ मध्ये केंद्राने १८ द्रव्यांवर बंदी जाहीर केली, त्यांतली १२ लगेच आणि ६ २०२० अखेर. यवतमाळच्या त्या पाचांपैकी मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यापुरती बंदी २००५ पासूनच होती. भाजी खाणाऱ्याची काळजी आधी घेतली गेली, कपाशीत उभ्या राहणाऱ्याची राहून गेली.

पोडापर्यंत काय पोहोचते

यवतमाळ हा नुसता कपाशीचा जिल्हा नाही. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणीच्या रानात कोलामांचे पोड आहेत. गोंड आहेत, परधान आहेत, पुसद-उमरखेडकडे आंध आहेत आणि गावोगाव बंजाऱ्यांचे तांडे आहेत. कोलामांची भाषा कोलामी, गोंडांची गोंडी, तांड्यावर गोरबोली. डब्यावरचे माहितीपत्रक बारीक अक्षरात, मराठी-हिंदी-इंग्रजीत. ज्या मजुराला पाठीवर पंप घ्यायचा असतो त्याच्या हाती ते येतही नाही, डबा मालकाच्या बांधावर फुटतो. आदिवासी विकासाची स्वतंत्र कार्यालये आहेत, प्रकल्प आहेत, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. पण कीटकनाशक हा विषय कृषी खात्याचा, विषबाधा आरोग्य खात्याची आणि कोलाम आदिवासी विकास खात्याचा, अशी वाटणी झाली आहे. माणूस मात्र एकच असतो.

अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून या कामासाठी केंद्र सरकार राज्यांशी आणि तिथल्या मूळ जमातींच्या शासनांशीही करार करते. तपासणी कुणी करायची, प्रशिक्षण कुणी द्यायचे, पैसा किती, हे त्यात लिहिलेले असते. तिथेही सगळे आलबेल नाही, पण जमातीला या कामातली भागीदार मानण्याची रीत तरी आहे. आपल्याकडे त्यासाठी नवा सांगाडा शोधण्याचीही गरज नाही. जिल्हा परिषदेत शेती आणि आरोग्य शेजारी-शेजारी बसतात. पोडावर आणि तांड्यावर आशाताई जाते, ग्रामसभा भरते. जुलैमध्ये फवारणी सुरू होण्याआधी रंगाच्या चिन्हांचा अर्थ कोलामीत आणि गोरबोलीत सांगता येतो. विषबाधेचा पहिला रुग्ण आला त्याच दिवशी कृषी अधिकाऱ्याला, जिल्हाधिकाऱ्याला आणि तिथून दिल्लीला कळवता येते. पहिल्या आठवड्यात कलम २७ वापरले तर ६० दिवसांत अख्खा हंगाम निभावतो, नोव्हेंबरात वापरले तर फक्त बातमी होते.

सरकारने तांड्यापर्यंत गेले पाहिजे, हे वसंतरावांनी करून दाखवले. त्यांच्या काळात बियाणे गेले, विद्यापीठ गेले, रस्ता गेला, रोजगाराचे काम गेले. १ जुलैला प्रतिमेला हार घालून झाल्यावर त्याच सभागृहात तालुक्यातल्या निरीक्षकांची किती पदे रिकामी आहेत, रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी होते की नाही, उतारा म्हणून द्यायचे अट्रोपिन पुरेसे आहे की नाही, एवढे तीन आकडे दरवर्षी वाचून दाखवावेत. नाईकसाहेब हिशेबाचे पक्के होते, त्यांना ते आवडले असते. आणि ऑगस्टमध्ये ज्याला पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरायचे आहे, त्याच्या ते उपयोगी पडेल.